वरचं भाजीचं, खालचं आपलं

चंद्रपूरकडच्या सावली या गावी राहायला गेले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. एका सकाळी घरमालकांनी जिन्याखालून हाक मारली, "मॅडम, आज मंडई हाय. येता का?"

मी पुण्याची. बँकेनं बदली केली म्हणून धानाच्या या मुलखात येऊन पडलेली, आणि खानावळीचं तेच ते आलू-वांगं खाऊन जीव मेटाकुटीला आलेला. मंडई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मेथीच्या जुड्या उभ्या राहिल्या. दोन कापडी पिशव्या घेऊन मी धावतच खाली उतरले.

त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ह्या काऊन?"

"भाजी आणायला."

दुसरा कोणीही खो खो हसला असता. हे गृहस्थ पायरीवर बसले आणि त्यांनी मलाही बसायला लावलं. पुण्यात मंडई म्हणजे भाजीचा बाजार असतो काय? रोज भरतो? रोज भरला तर पाहुणे कसे येतील? लेकी-जावयांना आवतण जात नाही? "मंग पोट्टीसाठी पोरगा पाहाले कुठी जाता तुमी?" मी म्हटलं, भाजी घेता घेता कोणी पोरगा पाहत नाही. हे त्यांना फार नवलाचं वाटलं. तिकडे त्यांची बायको, म्हणजे भाभी, बांगड्यांच्या पेट्या ऑटोत भरून कधीची ताटकळत होती. शेवटी तिनं आम्हा दोघांनाही ऑटोत ढकललं.

गावाबाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांमध्ये, जत्रा भरली होती. जिलबीच्या कढया, पाळणे, शिंगाड्यांचे ढीग, नव्या साड्यांतल्या बाया, आणि एकमेकांना पाहून घेणारी व्याह्यांची मंडळी. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव एकेक दिवस असा मेळा भरतो, त्याला मंडई म्हणतात. भाजी औषधालासुद्धा नव्हती. माझ्या पिशव्या मात्र रिकाम्या आल्या नाहीत. एकीत मुरमुरे आणि शिंगाडे, दुसरीत जिलबी. आणि हातात बांगड्या, कारण घरमालकांनी लांबूनच माझ्या मनगटाकडे पाहून भाभीला माप सांगून टाकलं होतं.

गावातली पोरं त्यांना 'काऊनचाचा' म्हणत. ते कारण विचारत नाहीत असं जगात काही नव्हतं. ऑटो बंद पडला, तर शिव्या देण्याआधी काऊन. नळाला गढूळ पाणी आलं, काऊन. मी भाड्याचे पैसे एक दिवस आधी दिले तेव्हासुद्धा त्यांनी संशयानं विचारलं, "आजच काऊन?" शर्टाच्या खिशात कायम पेन, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बोटांवर लाखेचे तांबडे डाग. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणाऱ्यांचं. मधे काही वर्षं त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास चालवला होता. तो बुडाला, पण एक कॉम्प्युटर उरला. तो त्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर आणून ठेवला आणि फोनवरचे व्हिडिओ पाहून स्वतःच ॲप करायला शिकले. पहिलं ॲप केलं आणि तेच शेवटचं. नाव 'मंडई'.

ते कशासाठी, हेही मला काऊनचाचांच्याच पद्धतीनं विचारावं लागलं. मंडईची तारीख कोणत्या कॅलेंडरात नसते. गावची मंडळी बसतात, शेजारच्या गावाचा दिवस सोडतात, धानकापणी कुठवर आली ते पाहतात आणि मग दिवस ठरवतात. कधी ठरलेलाही बदलतो. गावातल्यांना हरकत नाही, पण बांगडीवाले, खेळणीवाले, पाळणेवाले, दूर दिलेल्या लेकी, त्यांना कळणार कसं? चाचा दिवाळीपासून गावोगावच्या पाटलांना, सरपंचांना, पानठेलेवाल्यांना फोन लावत. रोज सकाळी ॲपवर दिसे, आज कोणत्या गावची मंडई, रस्ता कसा आहे, ऑटो कुठवर जातो. चंद्रपूर-गडचिरोलीकडची बरीच गावं त्यात होती. पैसे? "पैशाचं मंग पाहू," हे ते इतक्या मनापासून म्हणत की भाभी कपाळाला हात लावी.

त्यांची ॲप तपासायची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बाई बांगड्या भरायला बसली की तिचा एक हात त्यांच्या ताब्यात. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडलेली, उठता येत नाही, ओढता येत नाही. तेवढ्यात चाचा फोन पुढे सरकवणार. "दुसऱ्या हातानं हे दाबून पाहा तं बाई. कुठी दाबावंसं वाटते?" बाई वैतागून कुठेतरी दाबे. चाचा बांगडीकडे न पाहता तिच्या अंगठ्याकडे पाहत. बांगडी कधी फुटली असं मात्र मी पाहिलं नाही.

"मॅडम," ते एकदा मला म्हणाले, "सगळ्या बाया वरचंच दाबतेत. खाली काय हाय, कोनीच पाहत नाई. असं काऊन असन?"

मी म्हटलं, जे समोर येतं ते माणूस घेतो. त्यांचं समाधान झालं नाही, पण तो विषय तेवढ्यावर राहिला. पुढच्या वर्षी तो आम्हाला भलताच महाग पडला.

त्यांची मोठी बहीण मूल शहराकडच्या एका खेड्यात राहायची. सगळे तिला आपा म्हणत. नवरा गेलेला. डोक्यावर टोपली घेऊन ती मंडई-मंडई बांगड्या भरत हिंडे. वैनगंगेपलीकडच्या एका मोठ्या गावच्या मंडईत चिंचेखालची एक जागा तिची ठरलेली होती. ठरलेली म्हणजे कागदावर नाही, वर्षानुवर्षं तिथे बसून ठरलेली. सासरी निघालेल्या पोरी तिच्याच हातच्या बांगड्या भरून घ्यायला तिथे थांबत. मंडईत जागा विकत मिळत नाही. येईल आणि बसेल त्याची. एक वर्ष चुकलं की दुसरं कोणी बसतं, आणि मग उठ म्हणता येत नाही.

त्या वर्षी आपाचा फोन बिघडला आणि तिनं नवा घेतला. त्यात चाचांचं ॲप पुन्हा टाकायचं होतं. चाचा तेव्हा गडचिरोलीकडे तारखा विचारत फिरत होते. कशाला त्याला त्रास, म्हणून आपानं फोन तोंडाशी धरला आणि खणखणीत म्हटलं, "मंडई." यादी आली. तिनं वरचं दाबलं. टोपलीचं चित्र आलं, तेही तिला ओळखीचं वाटलं. फोननं गाव विचारलं, तिनं सांगितलं. मग मोठ्या अक्षरात आलं, 'आम्ही लवकरच तुमच्या गावात येत आहोत!'

आपानं त्याचा सरळ अर्थ घेतला. मंडई लांबली असणार, आणि येणार आहे. ती वाट पाहत बसली. शेवटी राहवेना म्हणून टोपली घेऊन नदीपलीकडे गेली, तर बांध्यांत पाळण्याच्या खुंट्यांचे खड्डे आणि उडणाऱ्या पत्रावळी. मंडई आदल्या दिवशीच होऊन गेली होती. चिंचेखाली दुसरी एक बाई बसून गेली, हे तिला तिथल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं.

ती तिथूनच थेट सावलीला आली. मी बँकेतून परतले तेव्हा टोपली दुकानाच्या पायरीवर होती आणि आपा भिंतीला टेकून बसलेली.

"तुह्याच ॲपनं सांगतलं, येऊन राह्यलो म्हनून," ती म्हणाली. "मी थांबली. माह्या जागेवर दुसरी बसली रे."

चाचा तिच्या शेजारी बसले, फोन तिच्याच हातात ठेवला आणि म्हणाले, "कसं केलं ते पुन्हा कर. मले दाखव." आपानं पुन्हा "मंडई" म्हटलं. वर आलं ते भाजी घरपोच देणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं ॲप. चाचांचं त्याच्या खाली. वरच्या ओळीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, 'जाहिरात'.

"हे काय असन?" चाचांनी चष्मा वर केला.

मी सांगितलं. फोनमधल्या ज्या दुकानातून लोक ॲप घेतात, ते दुकान शब्द विकतं. कोणी 'मंडई' शोधलं तर वर कोण दिसेल याची बोली लागते. भाजी कंपनीनं तो शब्द घेतलाय, कारण आमच्याकडे मंडई म्हणजे भाजी.

"म्हंजे तुमच्या दोन पिशव्या," चाचा म्हणाले.

मला हसूही येईना. ते पुढे म्हणाले, "घेतला म्हंजे कोनाकडून घेतला? शब्द कोनाचा होता?" त्यांनी हाच प्रश्न त्या दुकानाला लिहून पाठवला. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं छापील उत्तर आलं. ते त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं, अगदी कौतुकानं.

मग त्यांनी स्वतः बोली लावली. माल भरायला बाजूला ठेवलेल्या पैशातून. जाहिरात कुठे दाखवायची असं विचारल्यावर त्यांनी अख्खा महाराष्ट्र निवडला, कारण दूर दिलेली लेक कुठेही असू शकते. दोन दिवस त्यांचं ॲप वर झळकलं, आणि दोन दिवस फोन खणखणत राहिला. पुणं, नाशिक, कोल्हापूर. "मेथी आहे का हो?" "सकाळी किती वाजता पोचवता?" त्यातल्या प्रत्येकानं दाबलं तेव्हा चाचांचे पैसे कापले गेले होते. दुसरा असता तर फोन आपटला असता. चाचा त्यांना सोडीनात. तुमच्याकडे या भाजीला काय म्हणतात, ती कशी करता, मंडईत बांगड्यांचं दुकान असते का? कोल्हापूरच्या एका बाईनं त्यांना पोकळ्याची भाजी अगदी फोडणीसकट समजावून सांगितली. पुण्याच्या एका आजोबांना तर त्यांनी मंडईचं आवतण देऊन टाकलं.

"गिऱ्हाईक एक नाई भेटलं," भाभी म्हणाली, "पन भाज्या गंज भेटल्या."

मी बँकेची बाई. मी त्यांना दोन जिल्ह्यांपुरतीच बोली लावायला शिकवलं. त्यानंही थोडंच निभावलं. आपण जरा वर सरकलो की समोरचा आपोआप त्याच्या वर सरके. शेवटी शेवटी तर भाव भलताच चढला. चाचांना त्या भाजीवाल्यांशी बोलायचं होतं. भांडायला नाही. समजावून सांगायला, की बाबांनो, सावलीत तुम्ही भाजी आणत नाही, मग इथं वर बसून तुम्हाला तरी काय मिळतं? त्यांनी नंबर शोधला. मशीन बोलली. एक दाबा, दोन दाबा. शेवटी कळलं, बोली लावणारंही कोणी माणूस नाही. तेही यंत्रच.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खरोखर उदास पाहिलं. "समोर कोनीच नाई, मॅडम," ते म्हणाले. "काऊन म्हनून इचारू कोनाले?"

मी भीत भीत सुचवलं, नाव बदलू या. 'झाडीची मंडई' करा. त्या शब्दावर कोण कशाला बोली लावेल? त्यावर चिडले. चिडले म्हणजे आवाज खाली गेला. "आपा फोनले काय म्हनीन? मंडईच म्हनीन ना? माह्या घरात शिराले मी दुसऱ्याचं नाव काऊन घेऊ?" मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी भाभीच्या हाती शिंगाडे पाठवले, म्हणजे तह झाला.

पण खरी फजिती पुढेच होती. एकदा दुकानात आम्ही सगळे बसलो असताना चाचा त्या ॲपच्या दुकानावर तावातावानं बोलत होते. पैसे देईल त्याचा माल पुढे, बाकीचा मागे, हा कुठला न्याय? भाभी बांगड्यांना दोरा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "और तुमी काय करता? फिरोजाबादवाल्या एजंटानं काचेचं कपाट फुकट देलं म्हनून त्याचा माल पुढं. माह्या भावाच्या लाखेच्या बांगड्या कुठी हायेत?"

लाखेच्या बांगड्या मागे, पत्र्याच्या डब्यात होत्या.

चाचा उठले. डबा काढला, उघडला. "काऊन ठेवल्या मी ह्या मागं?" हे त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि अगदी खऱ्या कुतूहलानं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चाललीय. दुसऱ्या दिवशी काचेच्या कपाटात लाखेच्या बांगड्या पुढच्या फळीवर आल्या. एजंट आला, चिडला आणि कपाट घेऊन गेला. तेव्हापासून माल दोरीला टांगलेला असे. बाया आधी दोरीवरून बोट फिरवत आणि मग मागत. हे चाचांना इतकं आवडलं की कपाटाचं नावच त्यांनी काढलं नाही. भाभी मात्र धूळ झटकून झटकून बेजार झाली.

त्या दोरीवरूनच त्यांना ते सुचलं असावं. लोक वरचं दाबतात, कारण कोणी सांगितलेलं नसतं की खालीही काही आहे. मग सांगायचं. उरलेल्या मंडयांना ते आपाबरोबर गेले. प्रत्येक मंडईत भोंग्यावरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात, तिथे जाऊन त्यांनी माइक मागितला. एका मंडईला मीही होते. खाकरले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बायाहो, भावहो. फोनमंधी मंडई म्हना. दोन येतीन. वरचं भाजीचं हाय, खालचं आपलं हाय. वरचं नाई, खालचं दाबा."

लोक हसले. पोरांनी तेच धरलं. परतताना ऑटोभर तेच ओरडणं, "वरचं नाई, खालचं दाबा!" महिन्याभरात ते सगळीकडे झालं. हॉटेलात भज्यांच्या ताटातली वरची गार भजी बाजूला सारून कोणी म्हणे, खालचं दाबा. आमच्या बँकेत रांगेत पुढे घुसणाऱ्याला एका आजीबाईनं तेच ऐकवलं. त्या बोलीचे पैसे कोणाला द्यावे लागले नव्हते.

चाचा मात्र खूश दिसेनात. मी कारण विचारलं. "ज्यायले मी भेटलो त्यायले ठाऊक झालं," ते म्हणाले. "जे भेटले नाई, त्यायचं काय? ॲप तं न भेटलेल्यासाठीच केलं होतं ना." आणि पलीकडच्या गावची चिंचेखालची जागा तर पुढच्या दिवाळीपर्यंत कोणाची ते कळणारच नव्हतं.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना भाभीनं हातात लाखेच्या बांगड्या भरल्या. चाचांनी दुसऱ्या हातात फोन दिला नाही, तेव्हा मला रडू आलं.

यंदा दिवाळी झाल्यावर मी पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला गेले. मेथीच्या जुड्यांपुढे उभी असताना काय वाटलं कोणास ठाऊक, फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, "मंडई." वर भाजी. त्याखाली दुसऱ्या कंपनीची भाजी. मग किराणा, मग भाजी विकायचा एक खेळ. मी खाली, आणखी खाली जात राहिले. चाचांचं ॲप तळाशी सापडलं. उघडलं, तर पहिल्याच पानावर नवीन ओळी होत्या: 'भाजी पाह्यजे असन तं हे ते नव्हे. चुकून आले असान तरी मंडईले या.' आणि खाली, आज कुठे, तर नदीपलीकडचं ते मोठं गाव.

मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून पाळण्यांचा करकराट आणि भोंगा.

"चाचा, तुमचं ॲप फार खाली गेलंय हो."

"किती खाली?"

"बोट दुखलं."

"पन भेटलं ना?" मग म्हणाले, "नवीन मानूस इतक्या खाली येत नाई, मॅडम. दुखते मले ते. रोज पाहून राह्यलो, काय करता येईन ते."

मी विचारू की नको असं करत विचारलं, "आणि आपा?"

"ते पहाटेचीच येऊन बसली. ते दुसरी बी आली. मी म्हनलं, आता भांडन होते. तं ते दुसरी सरकली आन् म्हने, बसा ना आपा, चिच मोठी हाय. बसल्या दोघी. एकीच्या वर एक नाई, बाजू-बाजूले." मग खाकरून म्हणाले, "तुमी कुठी हाव?"

"मंडईत. आमच्या."

"पिशवी हाय हातात?"

"आहे."

"भरली?"

मी पिशवीकडे पाहिलं. भाजीवाली जुडी हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

"नाही अजून."

"मंग काऊन भरता?" चाचा म्हणाले. "तशीच घेऊन या इकडं."